पॉइंटांचं उद्यापन

सिल्वासात विमान उतरत नाही. रेल्वेसुद्धा येत नाही. वापीला उतरायचं आणि पुढे रिक्षा नाहीतर बस धरायची. तरी विमानप्रवासाच्या पॉइंटांचा नाद असलेल्या लोकांनी आपलं वार्षिक संमेलन यंदा इथे भरवायचं ठरवलं. मुंबई, सुरत आणि नाशिक अशा सगळ्यांना मध्यावर पडतं, हे त्यांनी सांगितलेलं कारण. खरं कारण असं की दमणगंगेच्या काठी रिसॉर्ट बरे आहेत, आणि गुजरातेतल्या मंडळींना संध्याकाळी इथे जे उघडपणे मिळतं ते त्यांच्या घरी मिळत नाही. मला दोन्ही कारणांशी देणंघेणं नव्हतं. संमेलन माझ्या दारात आलं आहे आणि आता पोट दुखतंय म्हणून घरी पडून राहायची सोय उरली नाही, एवढंच मला कळत होतं.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कार्डावर खरेदी केली की बँक पॉइंट देते. ते पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात वळवता येतात आणि पुरेसे जमले की तिकीट मिळतं, तेही पुढच्या, आडवं होऊन झोपता येईल अशा खुर्चीचं. मी सिल्वासाजवळच्या राखोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात खरेदी खात्यात आहे. मूळचा खानदेशातला, पण निम्मं आयुष्य इथेच गेलं. माझा पगार पाहता स्वतःच्या खर्चावर एवढे पॉइंट जमायला दुसरा जन्म लागला असता. म्हणून मी दुसऱ्यांचे खर्च पकडले. आमच्या वसाहतीत कुणाकडे फ्रिज यायचा असला की तो माझ्या कार्डावर येतो आणि तो माणूस तिथल्या तिथे माझ्या हातात रोख ठेवतो. किलवणीच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्नाचं कपाट, शेजाऱ्यांचं वॉशिंग मशीन, बायकोच्या शाळेतल्या बाईंचा मोबाइल, असं सगळं माझ्या कार्डावरून गेलेलं आहे. बाजारातला इलेक्ट्रॉनिक्सवाला मला बघितलं की आधी चहा सांगतो. बायको मला म्हणायची, "कुणाच्या घरी नवीन काही आलं की बारशाला जावं तसे तुम्ही जाता."

या नादाचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यात कुणी नाव लावत नाही. मला सगळे राखोलीवाले म्हणतात. कुठली कंपनी कधी जागा सोडते, कुठल्या विमानतळावर गाडी बदलल्यासारखं विमान बदलताना किती चालावं लागतं, कुठल्या विमानात पांघरूण चांगलं असतं, हे सगळं मी तिथे लोकांना सांगतो. वाचून वाचून पाठ झालं आहे. लोक आभार मानतात, हात जोडल्याची चित्रं टाकतात. मलाही ते आवडतं.

आता जे सांगायचं ते सांगून टाकतो. मी आयुष्यात एकदाही विमानात बसलेलो नाही. संधी आली नाही असं नाही. मला भीती वाटते. लहानपणी गावच्या जत्रेत मोठ्या पाळण्यात बसलो होतो. वर गेल्यावर पाळणा थांबला, खाली माणसं भरत होती. मी दांडा असा धरला की खाली आल्यावर पाळणेवाल्याला माझी बोटं एकेक करून सोडवावी लागली. पुढे कंपनीने हैदराबादला प्रशिक्षणाला पाठवलं, विमानाचं तिकीट देत होते. मी म्हटलं, साहेब, कशाला कंपनीचा खर्च, मी आपला गाडीने जातो. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी गाडीत बसून दोन्हीकडचा प्रवास सुखाने केला आणि ही गोष्ट घरातही कुणाला सांगितली नाही.

मग पॉइंट कशाला जमवले, असं कुणी विचारेल. जमवण्यात भीती नव्हती. आकडा वाढत होता, तिकीट मिळण्याच्या जवळ येत होतं, आणि घ्यायची वेळ आली की मी म्हणायचो, थांबा, अजून चांगला सौदा येईल. या नादात असं म्हणणाऱ्या माणसाला डरपोक म्हणत नाहीत, मुरलेला म्हणतात.

पण मुलीला दिवस गेले आणि थांबा म्हणायची सोय संपली. ती टोरांटोला असते, जावई तिकडेच नोकरीला. दिवाळीनंतरची तारीख होती. सासरचं तिथे कुणी जाऊ शकणार नव्हतं. बायकोने लगेच शाळेत रजेचं बोलून ठेवलं आणि मला म्हणाली, "आपल्या पॉइंटांवर दोघं जाऊ. एवढे जमवले ते याचसाठी ना?" मी हो म्हणालो. व्हिसाचे कागदही दोघांचे एकदमच दिले. माझा नाकारतील अशी मला मनातून आशा होती. पण पासपोर्ट परत आले तेव्हा व्हिसा दोघांचाही आला होता. बायकोने ते देवापुढे ठेवले, हळदकुंकू लावलं आणि कपाटात ठेवून दिले. त्या रात्रीपासून माझी झोप गेली.

त्यात संमेलनाची ती प्रथा. आमच्या ग्रुपचे म्होरके मुंबईचे, बँकेतून निवृत्त झालेले काका. त्यांनी ही सुरू केलेली. दर वर्षी एका सभासदाचे वर्षानुवर्षं साठवलेले पॉइंट सगळ्यांसमोर, मोठ्या पडद्यावर खर्च करायचे. तो व्यासपीठावर बसतो, तिकीट काढतो, तिकीट पक्कं झालं की त्याला शाल आणि नारळ देतात. याला ग्रुपमध्ये उद्यापन म्हणतात. एवढं व्रत केलं तर त्याचं उद्यापन नको का, असं काकांचं म्हणणं. यंदा संमेलन सिल्वासात, घरचा माणूस मी आणि त्यात लेकीचं बाळंतपण. उद्यापन कुणाचं हे विचारायचीसुद्धा गरज कुणाला वाटली नाही. काकांनी मला फोन केला आणि म्हणाले, "वहिनींना घेऊन यायचं बरं का. त्यांच्याशिवाय उद्यापन नाही."

मी माझ्यापुरता एक मार्ग काढून ठेवला होता. तो सांगायला लाज वाटते, पण तोच या सगळ्याच्या मुळाशी आहे. रोज सकाळी कारखान्याची बस यायच्या आधी मी विमान कंपनीच्या साइटवर जागा शोधायचो. पण शोधताना प्रवासी एकच टाकायचो. एक टाकला की जागा दिसायची. दोन टाकून पाहायची हिंमत मी कधीच केली नाही. दोन टाकले आणि दोन दिसल्या तर? त्यापेक्षा एकच जागा आहे असं मनाशी धरून चालणं सोपं होतं. ऐनवेळी म्हणायचं, अगं, एकच शिल्लक आहे, तू हो पुढे, मी मागून येतो. मागून म्हणजे कधी, ते कुणी विचारणार नव्हतं. बाळ झाल्यावर कोण विचारतं?

संमेलनाच्या सकाळी आणखी एक संकट. दारातच एक सुतळी बांधलेली असते आणि आत जाताना प्रत्येकाने आपला एक जुना बोर्डिंग पास तिला चिमट्याने लावायचा असतो. दिवसाअखेर ती सुतळी रंगीबेरंगी दिसते, फोटो निघतात. मी हे विसरलो नव्हतो, उलट आठवडाभर त्याचाच विचार करत होतो. बायको एकदा शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी शाळेतल्या बाईंबरोबर विमानाने दिल्लीला गेली होती. तिने तो बोर्डिंग पास पोथीत जपून ठेवला होता. मी आदल्या दिवशी तो काढला, खिशात घातला आणि रिसॉर्टच्या दारात, नाव आत जाईल असा दुमडून, चिमट्यात अडकवला. माझ्या मागे उभ्या असलेल्या बायकोने पाहिलं की नाही, मला कळलं नाही.

आत एसी होता तरी माझा सदरा पाठीला चिकटला. चहा, खमण, वडे असा थाट होता. लोक येऊन खांद्यावर थाप मारत होते, "अरे, तुम्हीच का राखोलीवाले? चेहरा आज बघितला." एका सुरतच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना मी एकदा ग्रुपवर आईच्या तिकिटासाठी मदत केली होती. त्यांनी बायकोचे दोन्ही हात हातात घेतले. "तुमच्या मिस्टरने तर आमचं केवढं काम केलं! मम्मी लंडन जाऊन आली ने, पूरा सोते सोते!" बायको हसली. मग डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "तुम्हारा खुदका फेवरेट कौनसा, राखोलीवाले? कौनसी सीट?" मी म्हटलं, प्रत्येकाचं वेगवेगळं असतं. त्या म्हणाल्या, एकदम बराबर. बायको माझ्याकडे बघत होती. मी वडा उचलला आणि चटणीच्या टेबलाकडे वळलो.

सकाळी भाषणं झाली. कुणी मालदीवला फुकट कसं राहायचं ते सांगितलं, कुणी पॉइंटांची मुदत कशी वाढवायची ते. एरवी मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं असतं. त्या दिवशी एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. मी खिडकीतून नदीपलीकडच्या कारखान्याची धुराडी बघत होतो आणि आपण आत्ता तिथे हजेरी लावून बसलो असतो तर किती बरं झालं असतं, असं वाटत होतं.

जेवणाआधी काकांनी माझं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. व्यासपीठावर टेबल, त्यावर माझाच लॅपटॉप, तो पडद्याला जोडलेला. बायकोला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं होतं, पर्स मांडीवर. मी साइट उघडली. आता एक गोष्ट मला आधी सुचायला हवी होती, ती सुचली नाही. साइट आपला आधीचा शोध लक्षात ठेवते. पडद्यावर ठसठशीत आलं: मुंबई, टोरांटो, आणि खाली, प्रवासी एक. नुसतं तेवढंच नाही, खाली मागच्या शोधांची रांग आली. सगळीकडे तारखा वेगळ्या, प्रवासी एक.

हॉलमध्ये कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मागून एक जण ओरडला, "राखोलीवाले, दोन करा हो! वहिनींना सोडून चाललात की काय?" सगळे हसले. मीही हसलो. पण बायको हसली नाही. ती मान वर करून ती रांग वाचत होती, वरपासून खालपर्यंत, मुलांच्या वह्या तपासते तशी. मला तिथेच धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मी दोन केले. पडद्यावर चक्र फिरू लागलं. मी देवाचा धावा केला, आणि काय मागितलं ते सांगतो. जागा नसू दे, असं मागितलं. चक्र थांबलं आणि आलं: या तारखेला दोन प्रवाशांसाठी जागा उपलब्ध नाही.

लोक हळहळले. मला मात्र इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. काकांना ते दुःख वाटलं असावं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "हरकत नाही. एक आहे ना? वहिनींचं काढून टाकू. तुमचं नंतर बघू."

"हो, हो," मी म्हणालो, "तिचंच काढू. तिचं जाणं महत्त्वाचं. मी मागून येतो."

मी हे फार पटकन म्हणालो. मला स्वतःला ते ऐकू आलं. बायकोने मान खाली घातली आणि पर्सची चेन उघडली, बंद केली.

तेवढ्यात सुरतच्या डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या. "अरे भाई, मुंबई को छोडो ने! अमदावाद से देखो. हमारा तो हमेशा उधर से ही मिळतंय. यहां से गाडी करके चले जाना, क्या दूर है?" काकांनी कपाळावर हात मारला. हे तर मीच ग्रुपवर शंभरदा सांगितलेलं आहे, मुंबईत नसेल तर अहमदाबाद बघा. कुणी तरी ते बोलूनही दाखवलं. मुंबईच्या जागी अहमदाबाद टाकताना माझं बोट दोनदा चुकलं. चक्र फिरलं आणि दोन जागा आल्या. दिवसही तोच.

एवढ्या टाळ्या माझ्या लग्नातही झाल्या नव्हत्या. कुणी शिट्टी मारली. माझ्या कानात शिट्टीनंतरही शिट्टीच वाजत होती. पुढचं पान उघडलं. पासपोर्टचा नंबर मागत होतं. माझ्या एकदम जिवात जीव आला.

"पासपोर्ट तर घरी आहेत," मी माइकवर म्हणालो. "आज राहू द्या. उद्या सकाळी निवांत करतो."

"उद्या?" काका म्हणाले. "राखोलीवाले, तुम्ही बोलताय हे? ही जागा तासभर तरी टिकेल का?"

मी काही म्हणायच्या आत बायको उठली. शांतपणे पायऱ्या चढून वर आली, पर्समधून दोन पासपोर्ट काढले आणि टेबलावर ठेवले. हळदकुंकवाचे डाग अजून होते. हॉलला वाटलं, काय तयारीची बाई! त्यांनी तिच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. मला मात्र कळलं की ती सकाळीच कपाट उघडून हे घेऊन निघाली होती. मी काय म्हणेन ते तिला आधीच ठाऊक होतं.

"लिहा," ती म्हणाली. आधी माझा नंबर वाचून दाखवला, मग तिचा. मी आकडे पुन्हा पुन्हा खोडत होतो, म्हणून शेवटी तिनेच टाकले.

मग खुर्च्या निवडायचं चित्र आलं. कडेला खिडकीजवळच्या एकेकट्या खुर्च्या, मधे जोडून असलेल्या दोन. खिडकीच्या दोन्ही मोकळ्या होत्या. या लोकांना अशा खुर्च्या म्हणजे पर्वणी. चहूकडून आवाज आले, "वहिनी, खिडकी घ्या, खिडकी! ढग बघत जाल!" बायकोने मधल्या दोन दाबल्या. काका म्हणाले, "अहो, खिडकी सोडू नका." ती म्हणाली, "नको. मधल्याच." तिचा शाळेतला आवाज होता, त्यापुढे काकाही गप्प झाले. मला वाटलं, माझ्यावर दया केली तिने. मला बाहेर दिसू नये म्हणून. त्या दयेने मला टाळ्यांपेक्षा जास्त मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिकीट पक्कं झालं. शाल आली, नारळ आला, फोटो झाले. फोटोत मी कसा दिसतो ते मी अजून बघितलेलं नाही.

जेवण करून आम्ही निघालो. दारातून जाताना तिने सुतळीवरचा तो दुमडलेला बोर्डिंग पास चिमट्यातून काढला आणि पर्समध्ये टाकला. गाडीत बसलो. मी किल्ली लावली पण फिरवली नाही. समोर नदीवर ऊन तापलं होतं. मग मी बोललो. पाळण्याचं सांगितलं, हैदराबादचं सांगितलं, प्रवासी एकचं तर तिने वाचलंच होतं. "मला भीती वाटते गं," मी म्हणालो. "मला जमणार नाही. तू विचारलंस तेव्हा मी हो म्हणालो ते खोटं होतं."

"हैदराबादचं मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "कंपनीचे पैसे वाचवणारे तुम्ही कधीपासून झालात?"

"मग बोलली का नाहीस?"

पर्समधून तो बोर्डिंग पास काढून तिने सरळ केला.

"हा मी का जपून ठेवलाय, माहीत आहे? हौस म्हणून नाही. त्या दिवशी मी जिवंत खाली उतरले म्हणून. विमान उठताना शेजारच्या बाईंचा हात असा धरला होता की त्यांची बांगडी वाढवली. येताना पूर्ण वेळ डोळे मिटून होते. तुम्ही वापी स्टेशनवर घ्यायला आलात आणि विचारलंत, मजा आली का? मी म्हटलं, हो."

मला ते आठवलं. मी तिच्याकडून उतरवून घेतल्यासारखी सगळी माहिती विचारली होती, खाणं काय दिलं, जागा कशी होती, आणि ती ग्रुपवर टाकली होती.

"मग आता एवढ्या लांब जायला तयार कशी झालीस?"

"तयार कुठे होते? पण तिचं बाळंतपण आहे. ती तिथे एकटी कळा देणार आणि मी इथे भीती वाटते म्हणून बसू?" तिने पास पुन्हा दुमडला. "तुम्ही मागून येतो म्हणालात ना, तेव्हा माझा धीरच सुटला. म्हटलं, आता एवढं लांब, मधे विमान बदलायचं, एकटीने."

इतके महिने मी रोज सकाळी उठून तिला एकटीला पाठवायची सोय बघत होतो, आणि तिला कसं वाटेल हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

"म्हणजे त्या मधल्या खुर्च्या," मी म्हणालो, "माझ्यासाठी नव्हत्या?"

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "खिडकीच्या खुर्च्या सुट्या आहेत. हात पोचत नाही."

तिच्या मांडीवरचा नारळ मी घेतला आणि मागच्या सीटवर ठेवला. मग तिचा हात धरला. बाहेर एवढं ऊन होतं, तरी तो गार पडला होता. माझ्यासारखाच.